घराण्याचं डोकं

"कवटी कापायची म्हणे! कलिंगड आहे का ते?" आजीने चार महिन्यांच्या नातवाला छातीशी आणखी घट्ट धरलं.

डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा समजावलं. बाळाच्या डोक्यावरची मधली शिवण, म्हणजे कवटीच्या हाडांमधली फट, वेळेआधीच मिटली होती, म्हणून डोकं रुंद न होता नुसतं लांब वाढत होतं. आत्ता केलं तर दोन लहान छेदांतून हाडाची पट्टी काढून भागेल. आणखी उशीर केला तर या कानापासून त्या कानापर्यंत कापावं लागेल. काहीच केलं नाही, तर आत मेंदूवर दाब येऊ शकतो.

"लांब डोकं आमच्या घराण्याचंच आहे," आजी म्हणाली. "याच्या बापाचं बघा. अडलं का काही त्याचं? हिलाच मेलं आमच्यातलं काही बघवत नाही."

"तुमच्या घराण्याची शोभा वाढवायला नाही जन्माला घातलं मी त्याला!" सून कडाडली.

संमतीपत्रावर तिची सही केव्हाच झाली होती. शेजारची जागा रिकामी होती, आणि आईबापांच्या दोन्ही सह्यांशिवाय डॉक्टरीणबाई शस्त्राला हात लावत नसत. नवरा पेन धरून दोघींच्या मधे गप्प बसला होता. गप्प बसण्यात त्याचा हात कुणी धरू शकलं नसतं.

डॉक्टरीणबाई उठल्या. "जरा वाका," त्या त्याला म्हणाल्या आणि त्याच्या केसांतून कपाळापासून मागे अंगठा फिरवला. मग त्याचंच बोट धरून आधी त्याच्या डोक्यावर टेकवलं, नंतर बाळाच्या. दोन्हीकडे मधोमध सारखाच कडक उंचवटा होता.

"बघा! मी काय म्हणत होते?" आजी फुशारली.

"तुमचं डोकं दुखतं का कधी?" डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं.

"दुखतं. लहानपणापासून." तो आईकडे बघत होता. "ही म्हणायची, शाळा चुकवायची सोंगं आहेत. फुटपट्टीने मारायची."

आजीचा चेहरा पडला, पण आवाज चढलाच. "मला काय माहीत? कुणी सांगितलं होतं मला?"

"आता सांगितलंय ना?" सून हात पसरून उभी राहिली. "द्या त्याला इकडे."

नवऱ्याने मान खाली घालून सही केली.

आजी उठली. सुनेचे पसरलेले हात ओलांडून ती पुढे गेली आणि तिने बाळ डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं.