नऊ डबे

"लाल झेंडा उघडू का मग?" आन्सेल्मनं विचारलं. "गाडी थांबेल. खाली उतर आणि तोंडानं सांग."

"थांबव. दोघंही तुरुंगात जाऊ."

"एकाच कोठडीत ठेवणार असतील तर माझी हरकत नाही."

लेओंतीन हसली आणि लगेच तिनं मागं घराकडे बघितलं. आत तिची मुलगी सिमॉन शेवटच्या खोक्याला दोरी बांधत होती. फाटकाशेजारचं हे दोन खोल्यांचं घर रेल्वेचं. चौतीस वर्षं लेओंतीननं इथं फाटक लावलं आणि उघडलं. गेल्या महिन्यात आपोआप पडणारे दांडे बसले आणि घर रिकामं करायची चिठ्ठी आली. सिमॉन तिला लिऑनला न्यायला आली होती. सहावा मजला, लिफ्ट, नळाला गरम पाणी.

रुळांपलीकडच्या आन्सेल्मची बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. रविवारी कोबीचा गड्डा हातात देता देता तो म्हणाला होता, "माझ्याकडे चार खोल्या आहेत. राहतेस?"

चार दिवस तिनं उत्तर दिलं नव्हतं. उत्तर तयार होतं. पण मुलगी घरात असताना ते तोंडातून निघत नव्हतं. आठवण म्हणून आपला जुना झेंडा तेवढा तिनं त्याला दिला होता. तो आता त्याच्या काखेत होता.

"पत्र टाकीन," ती म्हणाली.

"आणि वाचणार कोण? पोस्टमन. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला पाठ."

ते खरं होतं. आन्सेल्मचं अक्षरांशी कधी जमलंच नव्हतं.

"मग ऐक. दुपारच्या गाडीला इथं उभा राहा. मी खिडकीतून निळा रुमाल दाखवला, तर ईस्टरला परत येते. तुझ्याकडे. नाही दाखवला, तर माझ्या वाफ्यात बटाटे लावून टाक आणि पुन्हा हा विषय काढू नकोस."

"धावत्या गाडीतून दिसेल का?"

"मला गाडी शिकवतोस? नऊ डबे असतात. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत अख्खी 'नमो मरिये' प्रार्थना म्हणून होते. रोज म्हटलीय मी."

सिमॉन खोकं घेऊन बाहेर आली.

"तब्येतीला जपा हं, लेओंतीनबाई," आन्सेल्म मोठ्यानं म्हणाला आणि त्यानं टोपी काढली.

स्टेशन तिथून दोन कोसांवर. गाडी वेळेवर आली. त्यांच्या जागा दुसऱ्या डब्यात होत्या. लेओंतीननं खिडकी धरली आणि निळा रुमाल मुठीत घेतला. या रुळांवरून गेलेल्या सगळ्या गाड्या तिला माहीत होत्या. त्यांतल्या एकीतही ती कधी बसली नव्हती.

"काच खाली कर," ती म्हणाली.

"आई, मार्च चालू आहे. समोरच्या आजोबांना खोकला आहे."

"बरं. घंटा वाजली की करू."

"कसली घंटा?"

"फाटकाची."

सिमॉननं पाव आणि चीज काढलं. लेओंतीननं नको म्हटलं. बाहेर गिरणी गेली, चिनारांची रांग गेली. तिला घाई नव्हती. आधी घंटा वाजते. मग एप्रनला हात पुसायला, दोन्ही बाजूंचा रस्ता बघायला, झेंडा घ्यायला वेळ असतो. मग गाडी येते. चौतीस वर्षं असंच झालं होतं.

घंटा वाजली, आणि त्याच क्षणी खिडकीत घर होतं. हिरवं दार, कपड्यांची रिकामी दोरी, आणि दांड्याजवळ आन्सेल्म. तिनं शिकवलं होतं तसा ताठ, हातात गुंडाळलेला झेंडा. म्हणजे रस्ता मोकळा आहे, जाऊ द्या. तिनं काचेच्या मुठीला हात घातला. 'नमो' म्हणायच्या आत तिथं कुणाचं तरी नांगरलेलं शेत होतं.

काच वीतभर खाली आली होती. वारा आत घुसला. समोरचे आजोबा खोकले.

"काय गं, काय राहिलं?" सिमॉननं विचारलं.

लेओंतीनचे ओठ हलत होते.

"आई, आपलं घर गेलंसुद्धा. बघितलंस का?"

"माझं गेलं," लेओंतीन म्हणाली. "त्याच्यासमोरून अजून सात डबे जायचेत."

"कुणाच्या समोरून?"

तिनं हातानं मुलीला गप्प केलं आणि प्रार्थना पुढे चालू ठेवली. फाटकात उभी राहून म्हणायची तशीच, सावकाश. तिसरा डबा. चौथा. त्याची नजर एकेका खिडकीवरून फिरत असेल. बायका, मुलं, शिपाई, झोपलेली माणसं. सहावा. त्याला पाठीत उसण भरते, तरी वाकला नसेल. सातवा, आठवा.

"आता आणि आमच्या मरणाच्या वेळी," ती म्हणाली. प्रार्थनेच्या या शेवटच्या ओळीला शेवटचा डबा यायचा.

सिमॉन वाट बघत होती. समोरच्या आजोबांनीही हात जोडले होते. पण लेओंतीन रुमाल मुठीत धरून तशीच बसली आणि काही केल्या आमेन म्हणेना.