उरलेला डेटा

शिळा भातही फोडणी देऊन संपवणाऱ्या द्वारकाबाईंना रोजचा उरलेला डेटा वाया गेलेला कसा खपणार? त्यांनी धाकट्या जावेला व्हिडिओ कॉल लावला. घराच्या वाटण्या झाल्यापासून दोघी बोलत नव्हत्या.

“डेटा उरलाय, तो संपवतेय. भलता समज करून घेऊ नकोस.”

“संपवा की, अक्का! माझं काय जातंय?”

मग रोज संध्याकाळी गुडघेदुखी आणि लोणच्याच्या गप्पांत डेटा संपू लागला.

आज मात्र यजमानांनी क्रिकेट बघून तो आधीच संपवला.

“आता कोणत्या तोंडानं फोन करू?” द्वारकाबाई करवादल्या.

“साधा कर की. फुकटच आहे.”

“फुकट आहे म्हणून करायला ती माझी कोण लागून गेली?”

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून जाऊ म्हणाली, “अक्का, माझे फुकटचे कॉल वाया चाललेत हो!”