माझ्यासाठीसुद्धा नाही

आमच्या ऑफिसच्या दाराला एक साधा नियम होता. कार्ड लावून आत गेलेला माणूस कार्ड लावून बाहेर पडल्याशिवाय पुन्हा आत येऊ शकत नाही. लोक बाहेर जाताना कार्ड लावायला विसरायचे आणि परतले की दारात अडकायचे. रोजची कटकट नको म्हणून बाहेरच्या रिसेप्शनवरच्या ताईंनी सेटिंगमध्ये जाऊन तो नियमच बंद करून टाकला.

दाराच्या नोंदींचा डेटाबेस माझ्याकडे, त्यामुळे मी वैतागलो. "ताई, नियम काय शोभेला ठेवलाय? आता चालू केला की कुणासाठी बंद करायचा नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही."

"बरं दादा, तुम्ही म्हणाल तसं."

पण नियम चालूच होईना. एक माणूस दोनदा आत आहे, असं सिस्टिम सांगत होती. तो माणूस मी होतो.

जुनी चुकीची नोंद असणार, दुसरं काय. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बाहेर काढलं, खोली न् खोली पाहिली आणि शेवटी मीही कार्ड लावून बाहेर आलो. ताईंच्या कॉम्प्युटरवरून नियम चालू केला. या वेळी तो मुकाट्याने चालू झाला.

मी दाराला कार्ड लावलं. लाल दिवा लागला. 'ही व्यक्ती आत आहे.'

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. पडद्यावर आतल्या माझ्या टेबलावरच्या फोनचा नंबर होता.

ताईंनी ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"हो दादा," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "इथेच उभा आहे तो. नाही, उघडत नाही. तुम्हीच सांगितलंय ना."