हिला सोडतो, तिला उचलतो

"हिला सोडतो आणि लगेच तिला उचलतो," जावई फोनवर म्हणाला, आणि स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातली बशी हातातच राहिली.

त्यांनी ही बातमी सासऱ्यांच्या कानावर घातली तेव्हा ते दाढी करत होते. अर्ध्या गालावरचा फेस तसाच ठेवून ते म्हणाले, "मला वाटलंच होतं."

त्यांना सगळंच आधी वाटलेलं असायचं. बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून त्यांची हयात गेली होती. समोरच्याच्या खिशात तिकीट नाही, असं धरूनच ते माणसाकडे बघत. त्यातून हा जावई परदेशी. लेकीनं पसंत केला, घरात आणून ठेवला आणि आता तो इथे टॅक्सी चालवत होता. इथली भाषाही टॅक्सीतच शिकला होता. जेवताना भांडं पुढे करून "डावीकडे घेऊ का?" असं विचारायचा, आणि झोपायला जाताना सगळ्यांना "दार नीट ओढा" म्हणायचा.

"त्याची बॅग?" सासऱ्यांनी विचारलं.

"माळ्यावरच आहे. आत्ता स्टुलावर चढून बघून आले."

"म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. मी बघतो."

उरलेला गाल कसाबसा उरकून ते खाली गेले आणि टॅक्सीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

जावयानं आरशातून पाहिलं. "बाबा? कुठे सोडू?"

"मला सोडू नका. मी नुसता बसणार आहे. तुमचं काम कसं चालतं, ते बघावं म्हटलं."

"चालेल. दार नीट ओढा."

लेक केसांना पिन लावत धावतच आली आणि पुढे बसली. "बाबा, तुम्ही?"

"का? बसू नये?"

"बसा की. मी कुठे उठवतेय?"

वाटभर ती दोघं त्याच्या भाषेत बोलत राहिली. सासऱ्यांना एक अक्षर कळलं नाही. इथल्या भाषेत जावई दर वाक्याला ठेचकाळायचा. त्याच्या भाषेत लेक मात्र कुठेच अडखळत नव्हती. मध्येच काहीतरी म्हणाली आणि मान मागे टाकून हसली. घरी ती अशी हसल्याचं सासऱ्यांना आठवेना.

ऑफिसच्या फाटकाशी लेक उतरली. जावयानं लगेच फोन लावला. "हिला सोडलं. आता तिला उचलतो."

सासरे चपापले. रोज लेक याच टॅक्सीतून कामाला जायची. पण संशय आला की माणसाला असल्या साध्या गोष्टी सुचत नाहीत. सोडण्याचा उलगडा झाला होता. उचलणं बाकी होतं.

"तिला म्हणजे कुणाला, जावईबापू?"

"आहे एक." जावई आरशात हसला. "रोज माझी वाट बघते."

सासरे सरसावून बसले.

टॅक्सी एका अरुंद गल्लीत थांबली. जावई समोरच्या घरात शिरला आणि तिला दोन्ही हातांवर उचलूनच बाहेर आला. ती ऐंशीच्या पुढची होती. पायांत लोकरीचे मोजे, एक हात जावयाच्या गळ्यात, दुसऱ्या हातात पर्स.

"सरका," आजीबाई सासऱ्यांना म्हणाल्या. मग जावयाला, "हे कोण रे?"

"माझे सासरे."

"असं होय. मला वाटलं, पोलीस."

सासऱ्यांनी तरीही चौकशी सोडली नाही. "आपण रोज कुठे जाता?"

"पायांच्या व्यायामाला. बाकीचे टॅक्सीवाले बाहेरूनच हॉर्न वाजवतात आणि निघून जातात. हा निघतानाच माझ्या सुनेला फोन करतो आणि आत येतो. वर 'उचलू का?' म्हणून आधी विचारतो. आमच्या ह्यांनी जन्मात कधी काही विचारलं नाही."

आजीबाई उतरल्यावर सासरे पुढच्या सीटवर आले. जरा खाकरले.

"जावईबापू, एक सांगतो. ते 'सोडतो' घरात म्हणत जाऊ नका."

"का?"

"गिऱ्हाईकाला सोडलं तर ठीक. बायकोला सोडलं म्हणजे टाकलं. संसार मोडला. आणि मग दुसरीला उचललं म्हणजे... ते जाऊ द्या."

जावयानं गाडी कडेला घेतली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई ऐकली?"

"ऐकलं."

"ऐकलं," त्यानं स्वतःची चूक सुधारली. मग पूर्ण वळून बसला, छातीवर हात ठेवला आणि एकेक शब्द तपासून घेत म्हणाला, "बाबा, मी तिला सोडणार नाही. कधीच नाही. मी जाईन, तिथे ती. बरोबर."

"अस्सं," सासरे म्हणाले, आणि 'मी जाईन, तिथे ती' हे घर येईपर्यंत मनात घोळवत राहिले.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय हो? सोडणार आहे का तिला?"

"नाही. भाषेचा घोळ होता."

सासूबाईंनी मोठ्ठा श्वास सोडला. "मग तोंड का असं?"

सासऱ्यांनी स्टूल ओढलं, वर चढले, माळ्यावरून जावयाची बॅग खाली काढली आणि आपल्या पलंगाखाली पार भिंतीला टेकेपर्यंत ढकलली.

"आता हे काय? सोडणार नाही म्हणालात ना?"

"तेच तर." सासरे गुडघ्यांवरची धूळ झटकत उठले. "सोडणारा असता, तर पोरगी इथे तरी राहिली असती."