तेरेसाकडची पिशवी

"आई, खालून ती पिशवी घेऊन ये. माझा नवा शर्ट आहे त्यात," हर्षद ओरडला.

"ठेवलेलं प्रस्थान माघारी आणत नाहीत," जयंतीबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या.

"अगं, विमानंच बंद झाली! दुबई गेली खड्ड्यात. आता कसलं प्रस्थान?"

"विमानं बंद झाली असतील. मुहूर्त माझा आहे."

विमान अमावास्येचं होतं, तिथूनच हे सुरू झालं. अमावास्येला घर सोडायचं नाही, म्हणून जयंतीबाईंनी आधीच्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवलं. म्हणजे निघणाऱ्यांची पिशवी मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी ठेवायची, की प्रवास सुरू झाला असं समजायचं. माणशी एक कपडा, माणशी एक हळकुंड, वर मूठभर तांदूळ. आणि ठेवली कुठे, तर तळमजल्यावरच्या तेरेसाकडे! कांदिवलीतल्या त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये अमावास्या न पाळणारी तेवढी एकच बाई. सगळे हसले. तेरेसाने मात्र भिंतीवरच्या क्रुसाखाली पिशवीला जागा करून दिली.

मुळात दुबईचं खूळ जयंतीबाईंचंच. रिक्षाने दिंडोशीपर्यंत गेलं तरी ज्यांना उलटी होते, त्या बाईने "मरायच्या आधी एकदा विमानात बसव" म्हणून लेकाचं डोकं खाल्लं. दुबईच का, तर तिथे सुनेची बहीण तेजल राहते, हॉटेलचा खर्च नाही. हर्षद शेवटी कबूल झाला.

त्याची बायको नमिता लग्नानंतर तेजलला एकदाही भेटली नव्हती. तो भेटू देत नसे. बहिणीचा फोन स्पीकरवर, त्याच्यासमोर घ्यायचा आणि "मजेत आहे गं" म्हणून ठेवायचा. तिची शाळेतली नोकरी त्याने सोडायला लावली, बी.एड.चं सर्टिफिकेट दडवून ठेवलं. त्याने हात उचलला की जयंतीबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. दुबईत एकदा तेजलला एकटीला गाठायचं आणि सगळं सांगून टाकायचं, एवढ्या एका आशेवर नमिता दिवस ढकलत होती.

तेही गेलं. लॉकडाऊन लागला.

"अगं, रडतेस काय? दुबई काय पळून जातेय?" समोरच्या खिडकीतली बाई म्हणाली. नमिताने डोळे पुसले. काय सांगणार, कपाळ?

हर्षद आता दिवसभर घरात. चहा गार झाला, भाजी खारट झाली, लॅपटॉप अडकला, सगळ्याची शिक्षा तिला. कचरा टाकायलाही तोच खाली जाई आणि दाराची किल्ली खिशात ठेवी. आपण इथेच मरणार आणि लोक म्हणणार, कोरोनाने गेली बिचारी, असं तिला वाटायचं.

जयंतीबाईंचं मात्र झकास चाललं होतं. गॅलरीतून दोरीने टोपली सोडायची, तेरेसाशी गप्पा हाणायच्या, मिरच्या खाली पाठवायच्या, कोथिंबीर वर ओढायची. टोपलीवर कायम वर्तमानपत्र झाकलेलं. "चोरून सुकट मागवते ही," हर्षद म्हणायचा.

एक दिवस त्याला पासपोर्ट आठवले. निघण्याआधी आईने ते देवापुढे ठेवायला मागून घेतले होते.

"दे इकडे, कपाटात टाकतो."

"लाल कापडात बांधून देवामागे ठेवलेत. दसऱ्याला सोडीन. तुला आता कुठे उडायचंय?"

तो हसला. "खरंय. आणि हिला तरी कुठे उडायचंय!"

जयंतीबाईंनी मान डोलावली. नमिताच्या अंगाचा तिळपापड झाला. जसा लेक तशी आई.

पावसाळा सरत आला तशी थोडीथोडी विमानं सुटू लागली. घरात दुबईचं नाव कुणी काढलं नाही. मग हर्षदचं ऑफिस उघडलं. पहिल्या दिवशी निघताना त्याने किल्ली आईच्या हातात दिली.

"हिला बाहेर सोडू नकोस."

"तू जा रे बिनघोर."

तो गल्लीच्या टोकाला दिसेनासा होईपर्यंत त्या गॅलरीत उभ्या राहिल्या. मग आत येऊन त्यांनी दार उघडलं.

"तेरेसाकडे जा. प्रस्थानाची पिशवी बघ."

"पण ती माघारी आणत नाहीत ना?"

"आण म्हटलं का मी? बघ म्हटलं. हात पुढे कर."

त्यांनी तिच्या तळव्यावर चमचाभर दही घातलं.

"आई, दोन जिने उतरायला दही?"

"चाट मुकाट्याने."

नमिताने दही चाटलं. "येते," ती सवयीने म्हणाली. एरवी कुणीही येते म्हटलं की "ये हो" म्हणणाऱ्या जयंतीबाई गप्प राहिल्या. त्यांनी नुसता तिच्या गालावरून हात फिरवला. त्या हातात पाटल्या नव्हत्या, हे नमिताला आज दिसलं. मग दार लागलं आणि आतून टीव्हीचा आवाज वाढला.

तेरेसाचं दार उघडंच होतं. बाहेर तिचा नवरा ह्युबर्ट गाडी सुरू करून बसला होता.

"ये बाय," तेरेसा म्हणाली आणि तिने क्रुसाखालची पिशवी पुढे सरकवली.

नमिताने गाठ सोडली. वरच लाल कापडात तिचा पासपोर्ट. त्याखाली बी.एड.चं सर्टिफिकेट. रुमालात जयंतीबाईंच्या पाटल्या. तळाशी तिची स्वतःची निळी साडी. तिने पिशवी उलटी करून झटकली. हर्षदचा शर्ट नव्हता. आईंचं लुगडं नव्हतं. मूठभर तांदूळ फरशीवर सांडले, आणि त्यात हळकुंड एकच होतं.