पहिल्याच थेंबाला

बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलची सराव परीक्षा चालू होती आणि निकुंबे मॅडमचा पारा चढत होता. आज त्यांनी आम्लाच्या बाटल्यांत मुद्दामच साधं पाणी भरलं होतं. आम्ल असतं तर गुलाबी रंग यायला ब्युरेटच्या नळीतून अल्कलीचे कितीतरी थेंब सोडावे लागले असते; इथे पहिलाच थेंब पडला की सगळ्यांचे फ्लास्क गुलाबी होत होते. तरीही जो तो बेधडक लिहीत होता, अल्कली लागली दहा मिली. दरवर्षी उत्तर दहाच येतं, हे क्लासवाल्यांनी पाठ करून घेतलेलं!

“डोळे काय घरी ठेवून आलात?” त्या कडाडणार, इतक्यात कोपऱ्यातली शाल्मली रडवेली होऊन म्हणाली, “मॅडम, माझं काहीतरी चुकलंय. एकाच थेंबात गुलाबी झालं.”

मॅडमना भरून आलं. “चुकलं नाही गं. बाटलीत नुसतं पाणीच आहे. अख्ख्या वर्गात डोळे उघडे ठेवलेस ते तू एकटीनं!”

शाल्मलीचा चेहरा खुलला. मग तिनं हळूच विचारलं, “पण बोर्डाच्या परीक्षेत असं झालं, तर काय लिहू?”

बाहेरचे परीक्षक फ्लास्ककडे ढुंकूनही बघत नाहीत, नुसता आकडा तपासतात, हे मॅडमनाही आता पाठ झालं होतं.

“दहाच लिही,” त्या म्हणाल्या आणि तिचा फ्लास्क त्यांनी स्वतःच्या हातानं बेसिनमध्ये ओतून टाकला.