तिकिटावरचं नाव

“हे नाव तिकिटावर नाही, मॅडम.”

तिकीटखिडकीमागच्या देस्मंडने लायसन्स परत सरकवलं. लायसन्सवर जॅनीन शिमचॅक. तिकिटावर जॅनीन कोल. बाई एकच. तिच्यामागे रांग, रांगेपुढे धक्क्याला लागलेली बोट, आणि लांब पाण्यात ती हिरवी बाई, स्वातंत्र्यदेवता, हात वर करून उभी.

“तिकिटं मीच काढलीत,” जॅनीन म्हणाली. “तेव्हा माझं आडनाव कोल होतं.”

“होतं?”

“होतं.”

देस्मंडने गाल फुगवून हवा सोडली. “पुतळ्याच्या मुकुटात जायचं तर ज्यांच्या नावावर आरक्षण आहे त्या स्वतः हजर लागतात. त्या नसतील तर बरोबरच्यांनाही वर जायचे मनगटाचे पट्टे देता येत नाहीत. नुसतं पायथ्याशी फिरायचं असेल तर खुशाल जा.”

बरोबरचे म्हणजे दोघं. तिचा पूर्वीचा नवरा ट्रॉय कोल. आणि त्यांची मुलगी ब्रिन, पंधरा वर्षांची, दोन्ही कानांत गाणी.

(पायथा. ब्रिनला पायथा नको होता. तिसरीत होती तेव्हापासून तिला मुकुटातल्या त्या बुटक्या खिडक्यांतून न्यूयॉर्क बघायचं होतं.)

घरातल्या सहली जॅनीन ठरवायची, ट्रॉय गाडी चालवायचा. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरची खोली वर्षभर आधी धरावी लागते, हे तिला माहीत. नायगाराच्या बोटीत किती भिजायला होतं आणि कोरडे मोजे कुणाच्या पिशवीत ठेवायचे, तेही तिलाच. मुकुटाची तिकिटं उन्हाळ्याच्या कितीतरी आधी संपतात. म्हणून घरी टोलेडोत अजून बर्फ होता तेव्हाच तिने ती मिळवली. तीन नावं. नंतर बदलता येत नाहीत.

सगळं आधी ठरवता येतं. घटस्फोट तेवढा ठरवलेला नव्हता.

तेव्हापासून ब्रिन तिच्याशी कामापुरतं बोलायची. पुढच्या महिन्यात न्यायाधीश ब्रिनला विचारणार होते, कुणाकडे राहायचंय. आणि ब्रिनने आईकडे एकच गोष्ट मागितली होती. ही सहल मोडू नकोस.

“अरे दोस्ता, बायकोच आहे ही माझी,” ट्रॉय खिडकीशी वाकून म्हणाला. “लायसन्स नवीन केलं आणि त्यावर माहेरचं नाव पडलं. पोलिश ना. हॉटेलात हे नाव पुकारेपर्यंत सूप गार होतं. मी चांगलं सुटसुटीत दिलं होतं.”

रांगेत कुणीतरी हसलं.

“माझ्या आईने तीन आडनावं बदललीत,” देस्मंड म्हणाला. “मला काय अडचण? पण तुम्ही सांगून चालणार नाही. मॅडमनी सांगायला हवं. मॅडम, तुम्ही यांच्या पत्नी, मिसेस कोल. बरोबर? हो म्हणा, पट्टे घ्या, पळा. बोट सुटेल.”

“मी मिसेस कोल नाही.”

घटस्फोटात तिने घर मागितलं नव्हतं. मोठी गाडी मागितली नव्हती. आपलं आधीचं आडनाव परत मागितलं होतं. न्यायाधीशांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिने हो म्हटलं होतं.

“जॅन,” ट्रॉयने आवाज खाली घेतला. “वर जाऊन खाली येईपर्यंत हो की कोल. झिजतेस का? इतकी वर्षं म्हणतच होतीस.”

“इतकी वर्षं तू म्हणायचास. मी सह्या करायचे.”

“बरं. मग पोरीला तूच सांग. सांग, तुझ्या स्पेलिंगमधल्या त्या ‘झेड’ आणि ‘वाय’पायी ती खाली बसणार.”

ब्रिनने एका कानातला इअरफोन काढला. बोटीकडेच बघत होती.

“मॉम,” ती म्हणाली. “प्लीज.”

मागून कुणीतरी ओरडलं, “काय ते बोला ना एकदाचं!”

हो.

एवढंच तर.

सही नको, शपथ नको. नुसतं

हो

आणि मुलगी वर. मुलगी वर म्हणजे मुलगी जवळ. पुढच्या महिन्यात न्यायाधीशांसमोर कदाचित

हो.

जॅनीनने खिडकीची कड धरली. तिची मान खाली जायला लागली. सावकाश, थोडी डावीकडे कलून. ट्रॉयने पाहुण्यांसमोर तिच्या नोकरीला छंद म्हटलं की मान अशीच खाली जायची. त्याने तिचं वाक्य मध्येच तोडून स्वतः पुरं केलं की अशीच. जेवणाच्या टेबलावर ब्रिनची खुर्ची बरोबर आईच्या समोर असायची.

“आली बघ लायनीवर,” ट्रॉय देस्मंडला डोळा मारून म्हणाला. “जरा वेळ द्यावा लागतो, बस.”

ब्रिनने दुसऱ्या कानातलाही इअरफोन काढला.

“चला तर,” देस्मंडने तीन पट्टे उचलले. “मॅडम, तोंडाने सांगा. मिसेस कोल तुम्हीच ना?”

जॅनीनने तोंड उघडलं. तेवढ्यात ब्रिन बापाला खांद्याने बाजूला सारून पुढे आली आणि तिने खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही कोपरं टेकली.

“मिसेस कोल आल्या नाहीत,” ती म्हणाली. “ही माझी आई आहे.”